हाली, कलदार आणि धरणाचा दरवाजा

ज्या गृहस्थाने उमेदीची सारी वर्षे सरकारी कोषागारात खतावण्या जुळविण्यात घालविली, त्याने निवृत्तीनंतर विष्णुपुरीस गोदाकाठी स्वस्थ बसावे, अशी शास्त्राची नसली तरी शेजाऱ्यांची आज्ञा होती. परंतु आमचे चिरंजीव पुतणे अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणार्थ आमच्याकडेच मुक्कामास असून धरणाच्या दरवाजावर प्रबंध लिहीत असल्यामुळे, शंकरसागर जलाशयाची समग्र कटकट आमच्या ओसरीवर येऊन पडली आहे. धरणास दरवाजे 18. त्याने उचलला एकच, आणि तोही संगणकात.

प्रकरण असे, की पुराचे पाणी दरवाजास रेटते, रेटल्याने दरवाजा किंचित वाकतो, आणि तो वाकला की पाण्याचा दाबही पालटतो. म्हणून दोहोंचे गणित एकत्र मांडणे प्राप्त होते. संगणक उभयतांना जाळीच्या घरांत तोडून घेतो. दरवाजाच्या खालच्या कडेशी पाणी उसळते, तेथे त्याची जाळी तिळाएवढी बारीक लागते. पोलाद पडले धीरगंभीर, त्याला तळहाताएवढी घरेही पुरतात. परिणामी सीमेवर पाण्याची गाठ एकीकडे, पोलादाची भलतीकडे, आणि आलेला दाब कोणाच्या नावे जमा धरावा याचा तंटा उभा राहतो.

"काका, दाब जपला तर एकूण जोर जुळंना, अन् जोर जुळवावा तर दाब उंचसखल व्हायलाय," पुतण्याने एके रात्री फिर्याद गुदरली.

आमच्या वडिलांच्या काळी निजामी मुलखात हाली सिक्का चाले आणि पलीकडे इंग्रजी कलदार. सात हालींस सहा कलदार असा साधारण भाव, शिवाय सराफाचा बट्टा निराळा. एकच रक्कम वारंवार हालीची कलदार आणि कलदाराची हाली करीत बसणारा इसम काहीही खरेदी न करता कफल्लक होई. शेजारच्या गाठींची सरासरी काढून आकडे इकडून तिकडे नेणाऱ्या पद्धतीचेही तेच: दर फेरीस दाबाची शिखरे थोडी झिजतात, आणि अशा फेऱ्या हजारोंनी घडतात.

यावर तोड आहे, आणि ती ऐकून माझ्यातला जमाखर्चनवीस गहिवरला. दरवाजाचे सरकणे ज्या कोष्टकाने पाण्यास कळविले, तेच कोष्टक उभ्याचे आडवे करून त्यातून जोर परत आणावयाचा. मग पाण्याने केलेले कार्य आणि दरवाजाने स्वीकारलेले कार्य पैपैशी जुळते. पुतण्या वापरतो त्या 'प्रीसाइस' नामक जर्मन आज्ञावलीत ही मुभा एका शब्दाने मिळते, आणि तिच्यासाठी दामही पडत नाही, ही गोष्ट मला अद्याप संशयास्पद वाटते.

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणास भेगा पडल्या. काँक्रीट आणि जलाशय यांचे हेच संयुक्त गणित मांडणारे देशोदेशीचे पंडित आजही आपल्या आज्ञावलीची परीक्षा त्या भेगांवर घेतात. आम्हां विष्णुपुरीकरांना इतक्या कीर्तीची हौस नाही.

तूर्त मी फर्मान काढले आहे, की दर फेरीअखेर दोन्ही जाळ्यांवरील एकूण जोर एकाखाली एक छापावा आणि तफावत लाल शाईने दाखवावी. काल ती दशांशचिन्हापुढे बाराव्या स्थळी निघाली. पुतण्या आनंदाने नाचू लागला. मी त्यास लेखी खुलासा मागितला आहे.