लग्नाच्या दाखल्याची परदेशवारी

मुंबईहून दुबईला माणूस तीनेक तासांत पोहोचतो. त्याच्या लग्नाच्या दाखल्याला मात्र ही घाई जमत नाही, कारण तो वाटेत प्रत्येक ठाण्यावर उतरतो. पहिला मुक्काम बहुधा कोर्टाबाहेर, नोटरीच्या टेबलाशी. वर ताडपत्री, शेजारी झेरॉक्सवाला, पुढ्यात जाडजूड रजिस्टर. नोटरीचा शिक्का गोल आणि ५ सेंटिमीटर व्यासाचा असावा, हे १९५६च्या नियमांत लिहून ठेवलंय. तो उमटवायला किती वेळ लागावा हे लिहिलेलं नाही, आणि लागतही नाही. मग मुंबईत मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीची वकिलात आणि दुबईत उतरल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. या यात्रेत नवरा-बायकोला प्रवेश नाही. २०१२पासून परराष्ट्र खातं असे कागद नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. दाखला पिशवीतून हिंडतो आणि दांपत्य घरी मोबाइलवर त्याचा ठावठिकाणा बघत बसतं. ज्यांनी दाखल्याला हौसेने लॅमिनेशन करून घेतलंय, त्यांची गाडी तर पहिल्याच फलाटावर अडते. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि प्लास्टिक सोलायला जावं तर निबंधकाची सहीही सोबत निघायला बघते.

इतक्या मुक्कामांत तो दाखला वाचतं कोण? माझं म्हणणं असं, की कोणीच नाही. लग्न प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांच्या सह्या नोंदणीच्या अर्जावरच संपतात: साक्षीदार आणि भटजी. पुढचा प्रत्येक अधिकारी फक्त आधीच्या अधिकाऱ्याची सही ओळखतो. कागदातल्या मजकुराची जबाबदारी आपली नाही, हे परराष्ट्र खातं स्वतःच स्पष्ट सांगतं. म्हणजे पाच शिक्क्यांनंतर दुबईला एवढंच कळतं की दिल्लीची सही दिल्लीचीच आहे. दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर बाई प्रतिज्ञापत्रावर शपथेने सांगते की ती आणि ती एकच आहेत. मग त्या प्रतिज्ञापत्रालाही नोटरीचा शिक्का, आणि सवारीत आणखी एक कागद.

यावर कोणी म्हणेल, खोटे दाखले सर्रास मिळतात, शिक्के नकोत तर काय करायचं? शंका रास्त आहे, पण ती माझ्याच बाजूने बोलते. बनावट सही या साखळीत अडकेल. खऱ्या सहीखालचा खोटा मजकूर मात्र पाचही ठाणी सलाम घेत पार करेल. जर्मनांनी हे ओळखलं. शिक्क्यांची रांग तोडणाऱ्या १९६१च्या हेग करारात भारत २००५ साली सामील झाला, तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. तिथल्या सरकारी कामासाठी भारतीय दाखला हवा असेल, तर त्यांच्या वकिलातीने नेमलेला माणूस मूळ कार्यालयात जाऊन नोंद तपासतो. एकटा तोच कागद वाचतो. पण त्याला महिने लागतात आणि त्याचा खर्च अर्जदाराच्या बोकांडी बसतो. प्रत्येक लग्नामागे प्रत्येक देशाने असा माणूस धाडायचा म्हटलं, तर निबंधकाच्या दारात परदेशी पाहुण्यांचीच पंगत बसेल.

हा सगळा आपल्याकडचाच बाबूपणा, असंही म्हणून सुटता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये नोटरीने शिक्का मारला की आधी काउंटी क्लार्क त्या नोटरीला ओळखतो, मग राज्य सरकार त्या क्लार्कला. सही ओळखणं हा जगभरचा धंदा आहे. हेग करार करणाऱ्यांनी तो मोडीत न काढता आटोपशीर केला: अनेक शिक्क्यांऐवजी एकच अपोस्टील, किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, त्यात १० रकाने आणि वर फ्रेंच मथळा. अमिरात त्या करारात नाही. सौदी २०२२मध्ये आला, म्हणून रियाधला निघालेला दाखला वकिलातीचा मुक्काम टाळतो. पण मंत्रालयाचं ठाणं त्यालाही चुकत नाही. हेगने शेवटचा टप्पा कापला, घरचा रस्ता तसाच राहिला.

तोही कापता येईल. एक सही ओळखायला एकच ओळखणारा पुरे, मात्र निबंधकाची नोंद परराष्ट्र खात्याला थेट दिसली पाहिजे. 'ई-सनद' हे सरकारी पोर्टल याच कल्पनेवर उभं आहे: ज्या कार्यालयाने कागद दिला, त्यानेच आपल्या दप्तरातून त्याची खातरजमा ऑनलाइन करायची. त्यासाठी दप्तर संगणकावर हवं, आणि जुनी लग्नं अजून कापडी बांधणीच्या रजिस्टरांत नांदताहेत. ती आधी कोणीतरी बसून टंकायला हवीत; आणि हे काम करणाऱ्याला, मंत्रालयाच्या इतिहासात कदाचित पहिल्यांदाच, मजकूर वाचावा लागेल.