मिक्सिंगसम्राटांस अनावृत पत्र

प्रति,
परमआदरणीय मिक्सिंगसम्राट,
मु. पो. नंदुरबार जिल्हा.



काठीच्या राजवाडी होळीचा आपण केलेला व्हिडिओ पाहिला. आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत? सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या गावी जमतात, ढोलावर रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. एवढे असूनही त्या दृश्यात हालचाल कमी पडते, हे आजवर कुणाच्याच लक्षात आले नव्हते. आपल्या आले. आपण ढोलाच्या ठोक्याठोक्याला स्केलच्या कीफ्रेम, म्हणजे चित्र कुठे किती मोठे दिसावे ते सांगणाऱ्या खुणा, टाकल्यात आणि अख्खे रिंगण आमच्या अंगावर येऊ-जाऊ लागले. धन्य झालो.

डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरे बांधलेला एक बुध्या, म्हणजे होळीचा व्रतस्थ नर्तक, फेर धरून नाचत होता. त्याचा फेरा अर्ध्यावर असतानाच आपण त्याच्या चेहऱ्यावर झडप घातलीत. त्याचे पाऊल कसे पडते, शेजारच्याच्या पावलाशी ते कसे जुळते, हे पाहण्याच्या कष्टातून आम्हाला सोडवलेत. त्याने दिवसचे दिवस व्रत पाळले होते ते या नाचासाठी. आपण काही सेकंदांत त्याला रिंगणातूनही सोडवलेत आणि पायांतूनही.

आपल्या दानशूरपणाबद्दल तर बोलायलाच नको. १९२० बाय १०८० च्या चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. आपण स्केल २०० टक्क्यांवर नेता तेव्हा पडद्यावर त्यातले ५ लाख १८ हजारच उरतात आणि तेच ताणून पडदा भरावा लागतो. पाऊण चित्र दान करून उरलेले पाव धूसर करणारा दाता या जिल्ह्याला पुन्हा मिळणे नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेवरही आपली कृपा झाली. दत्तजयंतीला तापीकाठी घोडे येतात, तेव्हा जाणकार आधी चाल बघतो. चारही पाय कसे पडतात, मान कशी राहते, हे त्याला अखंड दिसावे लागते. आपण पोझिशनच्या कीफ्रेमने चौकट अशी गदागदा हलवलीत की लंगडतो आहे तो घोडा की व्हिडिओ, हेच कळेना. उमद्या जनावराची खोड काढायला व्यापाऱ्यांना जे जमत नाही, ते आपल्या एका शेकने जमवले.

हे सारे आपण स्वतःच्या हाताने केले असेल, असे म्हणून मी आपला अवमान करणार नाही. तयार प्रीसेट उतरवायचा आणि वाढदिवसाचा बॅनर, हळद, होळी, श्रद्धांजली, सगळ्यांना तोच लावायचा! अशी समदृष्टी संतांनंतर आपल्याच ठायी पाहिली.

९ सप्टेंबरचा आपला व्हिडिओ त्याच समदृष्टीचा. १९४२ साली त्या दिवशी नंदुरबारात तिरंगा हाती घेतलेला शाळकरी शिरीषकुमार पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्याच्यासोबत आणखी चौघे हुतात्मे झाले. त्याच्या छायाचित्राला आपण गरकन फिरवलेत, उसळवलेत, वर चमचमता प्रकाश सोडलात. छायाचित्र स्थिर असते. कीफ्रेमची खरी जागा तीच होती. एक कीफ्रेम सुरुवातीला, दुसरी आठ सेकंदांनी, स्केल १०० वरून ११०, दोन्ही टोकांना ईज, म्हणजे गती हळुवार. नजर आपोआप त्या डोळ्यांपर्यंत गेली असती. पण एवढे साधे काम आपल्या दर्जाला शोभणारे नव्हते, हे मान्य.

आपल्या संयमालाही वंदन. कीफ्रेम आवाजालाही देता येते. काठीच्या व्हिडिओत ढोल वाजू लागला की वरून लावलेले गाणे खाली आणायचे, ढोल थांबला की वर न्यायचे. चार कीफ्रेमचे काम. साऱ्या व्हिडिओत जिथे कीफ्रेम हवीच होती, तेवढी एकच जागा आपण कोरी ठेवलीत. ढोल म्यूट आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत डीजेचे रिमिक्स! काठीला ढोल वाजतो, ही अफवा असावी असे पुढच्या पिढीला वाटेल.

आपल्या पूर्वसूरींनी उगाच कष्ट उपसले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’साठी काड्या एकेका फ्रेमला सरकवून नाचवल्या. कॅनडात नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वेन यांनी दोन मुख्य चित्रांमधली, म्हणजे दोन कीफ्रेममधली, चित्रे संगणकाकडून भरून घेण्याची पद्धत घडवली. तिच्यावर पीटर फोल्डेसचा ‘हंगर’ हा लघुपट १९७४ साली आला. कुठून निघायचे आणि कुठे पोहोचायचे ते माणसाने ठरवावे, मधली वाट यंत्राने भरावी, अशी ती वाटणी होती. आपण ठरवण्याचे कामही यंत्राला देऊन टाकलेत. फाळक्यांनी निर्जीव काड्यांत जीव घातला; आपण जिवंत नाचातला काढून घेतलात.

आणि शेवटचा उपकार सर्वांत मोठा. फायनल दिली की हार्ड डिस्क रिकामी करायची म्हणून आपण रॉ फुटेज डिलीट करता. त्या रात्री नाचलेले म्हातारे पुढच्या होळीला असतीलच असे नाही. त्यांची पावले, त्यांचा ढोल, त्यांची गाणी आता आपल्या झूममध्ये जेवढी मावली तेवढीच उरली.

तेव्हा महाराज, पदर पसरून मागणे एवढेच. जे स्वतः हलते आहे त्याला कीफ्रेम लावू नका. पुढच्या होळीला कॅमेरा तिवईवर ठेवा, एक फेरा सुरुवातीपासून शेवटापर्यंत न कापता घ्या, ढोलाचा आवाज तसाच राहू द्या, आणि रॉ फुटेजची एक प्रत गावाला द्या. आणि वाचकहो, आपल्या घरचे लग्न किंवा गावची यात्रा शूट करायला द्याल तेव्हा पैसे चुकते करण्याआधी रॉ फुटेज मागून घ्या. ते आपले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नंदुरबारचा एक प्रेक्षक