तीन बोटं

दारूवर आमच्या जिल्ह्यांनी भरपूर तोंड चालवलं. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला गेली. मोर्चे निघाले, समित्या बसल्या, पुढारी भांडले. खर्ऱ्याच्या वाट्याला एवढा गोंगाट कधी आला नाही. कारण उघड आहे. बोलणाऱ्यांच्या तोंडात तोच होता.

पुण्यामुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून पानठेल्यावर घोटघोट घोटायचं, झाला खर्रा. तिकडचा मावा याचाच भाऊ. राज्यात गुटखा 2012 पासून बंद आहे, सुगंधी तंबाखूही पुढच्या वर्षी त्याच यादीत गेली. तरी शेजारच्या राज्यातून आलेला माल पकडल्याची बातमी पेपरात येतच असते, आणि ती वाचणारा पुडी सोडतच असतो. कायद्याने तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने भरावा लागतो. खर्ऱ्याची पन्नी मात्र पारदर्शक. ना चित्र, ना इशारा, ना कंपनीचं नाव. गिऱ्हाइकाला माल शंभर टक्के दिसतो.

दिसत नाही ते तोंड. दवाखान्यात रक्तदाब बघतात, साखर बघतात, आधार कार्ड तर हमखास. तिशी ओलांडलेल्याच्या गालात बॅटरी मारून बघायचं, असंही सरकारी कागदावर आहे. पण रकाना भरायला तोंड उघडावं लागत नाही, ही एक सोय.

बघायचं तरी काय? खळखळून चूळ भरायची आणि जिथे रोज बार ठेवता ती जागा आधी बघायची. मग दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. पुसून न निघणारा पांढरा चट्टा दिसला, तर डॉक्टरकडे जा. लाल असला तर जास्त घाई करा. दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम असली, तरीही जा. ‘दुखत नाही ना, मग काहून जायचं?’ सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तर जायचं. भाजी अलीकडे फार झोंबते म्हणून घरात रोज भांडण होत असेल, तर ते चुलीपाशी मिटणार नाही, आरशापाशी मिटेल. शेवटी आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घाला. जात नसतील, तर गाल आतून ताठरायला लागले असण्याचा संभव आहे. ही सुपारीची करणी, आणि ताठरलेला गाल खर्रा सोडल्यावरही सहसा पूर्ववत होत नाही. बाकी वाढायचं थांबवता येतं.

याला मोठं यंत्र लागत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. केरळातली बॅटरी आपल्याकडच्या बॅटरीपेक्षा वेगळी नसावी.

अट एकच, तपासणाऱ्याचं तोंड मोकळं हवं. गालात बार धरून ‘खर्रा सोडा’ म्हटलं की समोरच्याला ‘खर्रा थोडा’ असं ऐकू येतं.

आणि नुसतं ‘सोडा’ म्हणून सुटत असता तर पानठेले कधीच बसले असते. रोवणीच्या बांधीत, खाणीच्या पाळीत, झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर माणूस कशावर जागतो, ते मंडपाबाहेर विचारा. तलफ कधी येते, चहानंतर की भूक मारायला, हे आधी विचारावं लागतं. ती काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं पाणी प्या, फेरी मारा, कुणाशी बोला. पहिले काही दिवस चिडचिड होणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. फारच जड गेलं तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेता येतं. गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि सरकार यांनी मिळून 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालवलंय. गावाच्या संघटना आहेत, व्यसन सोडवणारे तालुका क्लिनिक आहेत. जायला लाजू नका. खर्रा मागताना कुठे लाजलात?

एक पळवाट मात्र आत्ताच बुजवतो. ‘तंबाखू सोडली भाऊ, आता नुसती सुपारी.’ नुसती सुपारीही कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलंय. तंबाखू गेली आणि सुपारी राहिली, म्हणजे चोर गेला आणि त्याचा साडू घरातच राहिला.

तंबाखूच्या पाकिटांवर 2018 पासून मदतीचा नंबर छापतात. पन्नीवर तो येणार नाही, म्हणून इथे छापतो: 1800-11-2356. फुकट लागतो. फोन करण्याआधी तोंडातलं तेवढं बाहेर काढा, नाहीतर पलीकडच्याला काही कळायचं नाही.