गोळी चालू, मग आजार नाही कसा?

प्रवास विम्याच्या ऑनलाइन फॉर्मवर एक प्रश्न असतो: प्रवाशाला आधीपासून कुठला आजार आहे का? खाली दोन पर्याय, हो आणि नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरातून लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवाला पाहायला अमेरिकेला निघालेल्या कितीतरी आई-बाबांच्या वतीने इथे ‘नाही’वर टिचकी मारली जाते आणि त्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो. फॉर्म भरणारा मुलगा डॅलसला. पैसे त्याच्या कार्डावरून जातात. आणि ज्यांच्या तब्येतीचा विमा उतरवायचा, ते दोघे इकडे सिडकोत बॅगांची वजनं करत बसलेले.

मुलाने विचारलंच, तर उत्तरं ठरलेली असतात. “बीपीची एकच गोळी आहे रे, तीही अर्धी.” “शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे.” “स्टेंट टाकून सहा वर्षं झाली, आता काही त्रास नाही.” मुलगा ऐकतो आणि ‘नाही’ निवडतो. बाबा खोटं बोललेले नसतात, मुलालाही कुणाला फसवायचं नसतं. पण या तिन्ही वाक्यांत आजार आहे. गोळी चालू आहे म्हणूनच शुगर कंट्रोलमध्ये आहे. दुखतंय की नाही याच्याशी विमा कंपनीला देणंघेणं नसतं. डॉक्टरांनी निदान केलंय का आणि औषध लिहून दिलंय का, एवढंच ती बघते. अर्धी गोळीही लिहूनच दिलेली असते.

हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आणि प्रौढांमधलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. साठी उलटलेल्यांमध्ये तर कुठलीच गोळी नसलेला माणूस शोधावा लागेल. म्हणजे परदेशी निघालेल्या आपल्या बहुतेक ज्येष्ठांसाठी ‘हो’ हेच खरं उत्तर आहे.

मग ‘नाही’ का लिहिलं जातं? ‘हो’ म्हटलं की प्रीमियम वाढतो, तपासण्या मागतात, कधी पॉलिसी मिळतच नाही. त्यात एखादा एजंट भेटतो आणि सांगतो, “काका, नाही टाका, काही होत नाही.” या माणसावर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. त्याचं कमिशन पॉलिसी निघाली त्या दिवशीच पक्कं होतं. क्लेम नाकारल्याचं पत्र येतं तेव्हा तो तिथे नसतो. तोंडी सल्ला देणाऱ्या एजंटला तोच सल्ला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायला सांगा. बहुतेक जण तिथेच गप्प होतील.

लपवलेलं उघडं कसं पडतं, तेही पाहू. रात्री छातीत कळ येते, मुलगा वडिलांना इमर्जन्सीत नेतो. तिथली नर्स विचारते, आधीचं काही? घाबरलेला मुलगा सगळं खरं सांगतो: दहा वर्षांपासून शुगर आहे, अमुक गोळ्या चालू आहेत. सांगायलाच हवं, त्यावर उपचार ठरतात. पण ते वाक्य केसपेपरवर तारखेसकट उमटतं आणि तोच केसपेपर क्लेमबरोबर कंपनीकडे जातो. एका बाजूला फॉर्मवरचं ‘नाही’, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या कागदावरची ‘दहा वर्षं’. कंपनीला एवढं पुरतं. मग ती इथल्या फॅमिली डॉक्टरांचे जुने कागद मागवते, आणि ते मुकाट्याने द्यावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत शेजारी ठेवून वाचावेत. पहिला २००९ चा, न्यू इंडिया अॅशुरन्सच्या एका मेडिक्लेम पॉलिसीचा. विमा घेणाऱ्याला जुना मधुमेह होता, मूत्रपिंडं निकामी होत होती आणि फॉर्मवर प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहिलं होतं. तो गेल्यावर पत्नीने क्लेम केला. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. विमा हा परस्परांच्या पूर्ण विश्वासावरचा करार आहे आणि जोखमीवर परिणाम करणारी माहिती दडवली तर तो विश्वास मोडतो, ही त्यामागची भूमिका.

दुसरा निकाल ६ डिसेंबर २०२१ चा, युनायटेड इंडिया इन्शुरन्सविरुद्धचा. हे प्रकरण तर थेट परदेश प्रवासाच्या विम्याचंच. २००९ साली एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच घाम फुटला, अंगातलं त्राण गेलं. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी झाली, तीन स्टेंट पडले आणि बिल झालं दोन लाख डॉलरच्या वर. कंपनीने क्लेम नाकारला. कारण दिलं की कोलेस्टेरॉलचा विकार आणि त्यासाठीच्या स्टॅटिन गोळ्या सांगितल्या नव्हत्या. पण मधुमेह असल्याची नोंद कागदावर होती आणि पॉलिसी देण्यापूर्वी त्यांची तपासणीही झाली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगात ते हरले. सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. आजार कळल्यावर, प्रकृतीचा अंदाज घेऊन तुम्ही पॉलिसी दिलीत. आता त्याच जुन्या आजाराकडे बोट दाखवून हात वर करता येणार नाहीत. उपचाराचा खर्च सहा टक्के व्याजाने द्यायचा आणि वर एक लाख रुपये दाव्याचा खर्चही.

एका प्रकरणात मधुमेह दडवला, दुसऱ्यात सांगितला. निकाल कुणाच्या बाजूने गेला ते वर आहेच. पण दुसऱ्या गृहस्थांना न्याय मिळायला बारा वर्षं लागली, हेही नजरेआड करू नका. कंपन्यांवरचा माझा मुख्य आक्षेप असा आहे. ‘नाही’वर टिचकी मारली की पाच मिनिटांत पॉलिसी ईमेलवर येते, कुणी एक शब्द जास्तीचा विचारत नाही. सगळी चौकशी क्लेम आल्यावर सुरू होते. आधी तपासणं अशक्य नाही: अमरनाथ यात्रेला जायचं तर ठरवून दिलेल्या डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सत्तरीच्या पुढे नोंदणीच होत नाही. हजच्या अर्जदारालाही वैद्यकीय तपासणीतून जावं लागतं. लाखो डॉलरची जोखीम विकणाऱ्या कंपनीने मात्र एका टिचकीवर समाधान मानावं, हे मला पटत नाही. तपासायचं तर आधी तपासा.

आता पुढचा भाग, जिथे खरं बोललेली माणसंही फसतात. आजार सांगितला म्हणजे तो विम्यात आला, असं नाही. भारतीय कंपन्यांच्या बऱ्याच परदेश-प्रवास पॉलिसींत जुना आजार मुळातच वगळलेला असतो. जिवावर बेतलं तर जीव वाचवण्यापुरता खर्च, तोही ठरावीक मर्यादेत, आणि प्रकृती स्थिर झाली की तिथून पुढचा खर्च तुमचा. काही पॉलिसींत जास्त पैसे भरून जुन्या आजाराचं संरक्षण वाढवून घेता येतं. पाच लाख डॉलरची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाच्या हृदयविकारासाठी त्यातला किती भाग आहे, हे आतल्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान उघडा. पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला ईमेल करा: मला अमुक साली स्टेंट पडला आहे, या गोळ्या चालू आहेत, तिकडे झटका आला तर किती रकमेपर्यंत खर्च द्याल? उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या गोड आवाजाला पुरावा म्हणून किंमत नाही.

अनेकांचा घोळ घरच्या मेडिक्लेममुळे होतो. तिथे जुन्या आजारासाठी थांबावं लागतं; एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. तेवढी वर्षं न चुकता हप्ते भरले की जुनी शुगरही कव्हर होते. प्रवास विम्यात ही सोयच नाही. तो त्या प्रवासापुरता, आणि दर खेपेला नवा. गेल्या खेपेला तिकडे ज्या आजाराचं निदान झालं आणि क्लेमही मिळाला, तोच या खेपेला जुना आजार होऊन बसतो. आणि घरचा मेडिक्लेम तर साधारणपणे देशाबाहेर चालत नाही. नाशिकला चालला म्हणून न्यू जर्सीत चालेल, असं समजू नका.

मुलं म्हणतात, अमेरिकेतल्याच कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा घेऊ, तिकडची हॉस्पिटलं तो ओळखतात. मुद्दा बरोबर आहे. पण त्यात जुन्या आजाराबद्दल एक खास अट असते. आजार अचानक, पूर्वसूचनेशिवाय उसळला आणि ठरावीक वेळेत, बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांत, उपचार सुरू झाले तरच पैसे. चार दिवस छातीत जडजड वाटत होतं आणि पाचव्या दिवशी दाखवलं, तर ते ‘अचानक’ राहत नाही. आपल्या माणसांची सवय नेमकी हीच: “कशाला पोराला सुट्टी घ्यायला लावायची, गॅस झाला असेल.” नेहमीची तपासणी, गोळ्यांचा नवा साठा, डायलिसिस, यातलं काही त्यात बसत नाही. वय सत्तरीकडे गेलं की जुन्या आजाराची रक्कम कित्येक योजनांत झपाट्याने घटते किंवा संपतेच.

युरोपचं वेगळं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यामुळे टूर कंपनी तेवढ्याच रकमेचा स्वस्तात स्वस्त कागद जोडते. वकिलातीचं त्याने भागतं. तुमच्या हृदयाचं भागेल का, हे टूर मॅनेजरला विचारा आणि पॉलिसीची पूर्ण प्रत आधी मागा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तर विम्याची सक्तीच नाही, म्हणून काही कुटुंबं तो घेतच नाहीत. ज्या देशात एका अँजिओप्लास्टीचं बिल वर सांगितलं तेवढं होऊ शकतं, तिथे विम्याशिवाय सहा महिने आई-वडिलांना ठेवणं म्हणजे मुलाचं तिथलं घर पणाला लावणं आहे.

देशातल्या देशातही गैरसमज आहेत. देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढताना ४५ पैशांच्या विम्यावर खूण करून आपण सुरक्षित झालो, असं वाटतं. तो विमा रेल्वे अपघातापुरता आहे. गाडीत झटका आला तर त्याचा काही उपयोग नाही; तिथे तुमचा घरचा मेडिक्लेमच कामाला येणार. त्याचं कार्ड खिशात हवं.

निघण्यापूर्वीचं काम एका संध्याकाळचं आहे. औषधांच्या पट्ट्या टेबलावर मांडा. प्रत्येक पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव, डोस आणि कधीपासून चालू आहे ते एका कागदावर लिहा. फॅमिली डॉक्टरांकडून त्यावर सही-शिक्का घ्या. जुनी डिस्चार्ज कार्डं, शेवटचा ईसीजी, शुगरचे रिपोर्ट यांचे फोटो मुलाला पाठवा. मग व्हिडिओ कॉल लावून आई-बाबांसमोर फॉर्म भरा आणि प्रत्येक प्रश्न मराठीतून मोठ्याने वाचून दाखवा. सही किंवा ओटीपी त्यांचा असेल, तर उत्तरंही त्यांचीच हवीत. कंपनीचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक बाबांच्या आणि सुनेच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. अॅडमिट होण्याआधी किंवा होताच तिथे कळवायचं असतं.

आणि खरं सांगूनही क्लेम नाकारला, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या शहरासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षभरात जायला हवं. तो मार्ग नको असेल तर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय चेन्नईला असो की मुंबईला, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे दाद मागता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

डॅलस, पुणे, बंगळुरूला बसून आई-बाबांचे फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींनो, आज रात्री घरी फोन कराल तेव्हा गोळ्यांची नावं विचारून घ्या.