रहाटणी ते चाकण, मार्गे धुकं

जुलैच्या पावसात सकाळच्या शिफ्टला रहाटणीहून चाकणला निघालेल्या गाडीत साधारण चार माणसं असतात. एक पेंट शॉपचा, एक क्वालिटीचा, एक परचेसचा आणि चौथा नेमका कुठल्या खात्यात आहे हे बाकी तिघांनाही सांगता येत नाही. गाडी कोकणे चौकात पोचते न पोचते तोच पुढची काच आतून पांढरी होते. ‘काय धुकं पडलंय आज!’ असं म्हणणारा एक जण असतोच. शेजारची काच चार बोटं खाली केली तर तोच चौक खड्ड्यांसकट लख्ख दिसतो. पण पावसात काच खाली कोण करणार? हवामानखात्याला या धुक्याचा पत्ता नसतो, कारण ते चौघांनी मिळून गाडीतच तयार केलेलं असतं.

याचा हिशोब सोपा आहे. पंचवीस अंश तापमानाची हवा घनमीटरमागे फार तर 23 ग्रॅम वाफ धरू शकते. पावसाळ्यात त्यातली नव्वद टक्के जागा आधीच भरलेली असते. गाडीच्या आत हवा तीन घनमीटरच्या आसपास, म्हणजे शिल्लक जागा जेमतेम सात ग्रॅमची. बसल्या जागी माणूस श्वासातून आणि घामातून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघांचे मिळून मिनिटाला तीन ग्रॅम झाले. काचा बंद असल्या की दोन-तीन मिनिटांत कोटा संपतो. ओल्या छत्र्या, ओल्या सॅक आणि चिखलाचे बूट यात धरलेलेच नाहीत. बाहेरून पाऊस काचेला गार करत असतो, आणि गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटावा तसा तिला आतून फुटतो.

नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर चढेपर्यंत निदान सुरू होतं. या पट्ट्यात प्रत्येकाने ‘पाच वेळा का विचारा’ हे प्रशिक्षण घेतलेलं असतं. काच का धुरकटली? ओल आली म्हणून. ओल का आली? इथे गाडी अडते, कारण दुसऱ्या ‘का’चं उत्तर ‘आपण श्वास घेतो म्हणून’ असं निघतं आणि त्यावर करेक्टिव्ह ॲक्शन लिहिता येत नाही. मग दोष काचेच्या रबरावर जातो. पण कारखान्यातून बाहेर पडण्याआधी गाडीवर पाण्याचा मारा करून थेंब आत येतो का ते तपासलेलंच असतं. नव्या गाडीतलं पाणी बहुधा रहाटणीतच सीटवर बसून निघालेलं असतं. गाडी रात्रभर रिकामी उभी असतानाही काचा आतून ओल्या होत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मॅटखालचा गालिचा दाबून पाहावा, एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे का ते पाहावं. काचेवर चिकट थर धरत असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हीटर गळतोय. तडक मेकॅनिक गाठावा.

बाकीच्यांचा आरोपी डॅशबोर्डवरच असतो: गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं बटण. ते दाबलं की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच फिरत राहते. भोसरीत धुरामुळे ते दाबलं जातं, आणि मोशीत कचरा डेपोच्या वासाने तर चौघांचीही बोटं एकदम तिकडे धावतात. हे अगदी रास्त आहे. अडचण पुढे येते. डेपो मागे पडतो, इंद्रायणीचा पूल जातो, चिंबळी फाटा जातो, तरी बटण दाबलेलंच राहतं आणि चौघं एकमेकांचे उच्छ्वास सहकारी तत्त्वावर वापरत राहतात.

यावर क्वालिटीवाल्याचा आक्षेप ठरलेला असतो: बाहेरची हवाही ओलीच आहे, ती आत घेऊन काय वाळणार? प्रश्न चांगला आहे. ती हवा आतल्यापेक्षा थोडी तरी कोरडी असते, पण खरं काम एसी करतो. त्याच्या गार नळ्यांवरून जाताना हवेतलं पाणी गळून पडतं. गाडीखाली ठिबकतं ते हेच. म्हणून बाहेरची हवा, एसी चालू, झोत पुढच्या काचेकडे आणि तापमानाची कळ थोडी लालकडे. लाल बाजू फक्त महाबळेश्वरसाठी आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. पण कोरडी, जरा कोमट हवा मिळाली की काच लवकर मोकळी होते.

परचेसवाला म्हणतो, एसीने काच उलट जास्त धुरकटते. तेही खोटं नाही, फक्त बाजू वेगळी. झोत फार गार असला की काच थंडगार पडते आणि वाफ बाहेरून बसते. वायपर एकदा फिरवावा: पुसलं गेलं तर धुकं बाहेरचं, गारवा कमी करावा. नाही गेलं तर आतलं. 1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन यांना वायपरचं पेटंट मिळालं, त्यामुळे बाहेरच्या बाजूची सोय झाली. आतल्या बाजूला आपण अजून फडकंच वापरतो. तेही बहुधा डॅशबोर्ड पुसलेलं असतं. त्याचा तेलकटपणा काचेवर बसतो आणि समोरून ट्रकचे दिवे आले की सगळा रस्ता एक झगझगीत फराटा होतो. काच आतून स्वच्छ धुऊन कोरडी केलेली असली तर वाफ एवढी त्रास देत नाही.

शेवटचा आक्षेप पेट्रोलचा. एसीने ॲव्हरेज पडतं, म्हणून काच मोकळी झाली की कुरुळीच्या आसपास तो बंद केला जातो. त्या क्षणी गार नळ्यांवर साचलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन पंख्यातून आत येतं आणि पाहता पाहता काच पहिल्यापेक्षा पांढरी होते. मग पुन्हा एसी, पुन्हा बंद. एवढ्यात गाडी चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या रांगेमागे उभी राहते आणि इंजिन जागच्या जागी पेट्रोल पीत बसतं. तिथे एसी बंद ठेवून वाचवलेल्या ॲव्हरेजचा हिशोब, पेट्रोल वाटून घेणाऱ्या चौघांनी खुशाल मांडावा.