आग्रह करू नये, हुकमावरून

अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात माझ्या नावाची एक फाईल आहे. मी खेळाडू आहे असा गैरसमज करून घेऊ नका. डोंबिवलीच्या शाळेत खो-खोच्या संघात मला घेतलं होतं ते यादीत एक नाव कमी पडत होतं म्हणून, आणि स्पर्धेच्या दिवशी माझ्याकडे कामगिरी होती ती बाकीच्यांच्या चपला सांभाळण्याची. नंतर याच विद्यापीठात मी एम.एस. केलं, पण तिथल्या जिममध्ये गेलो तो एकदाच, पावसात अडकलो म्हणून. तरीही फाईल आहे. तिच्या पहिल्या पानावर माझा फेटा बांधलेला फोटो आहे.

ही फाईल असते कंप्लायन्स ऑफिसात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाच्या संस्थेचं राज्य चालतं. तिच्या पहिल्या डिव्हिजनची नियमावली चारशेहून जास्त पानांची आहे, आणि तिच्यातला तेरावा भाग निव्वळ एकाच विषयाला वाहिलेला आहे: शाळकरी खेळाडूला आपल्या कॉलेजात ओढायचं कसं, आणि मुख्य म्हणजे कसं ओढायचं नाही. हे सगळं पाळलं जातंय की नाही ते बघायला प्रत्येक विद्यापीठात पगारी माणसं बसलेली असतात. त्यांतल्या एका बाईंचा एक अख्खा दिवस मी खाल्ला.

आपल्याकडे खेळणाऱ्या पोराला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे नशीब असेल तर रेल्वेत किंवा पोलिसात क्रीडा कोट्यातून नोकरी. अमेरिकेत तोच खेळ थेट कॉलेजची फी भरतो. तिथली फी किती असते हे ज्यांनी भरली आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी भरलेली नाही त्यांनी सुखात राहावं. त्यामुळे शाळेतल्या चांगल्या खेळाडूमागे प्रशिक्षक लागतात आणि प्रशिक्षकांमागे आई-बाप. टेनिसमध्ये मुलींसाठी त्या वेळी एका संघाला फार तर आठ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या आठांसाठी साऱ्या जगातल्या पोरी रांगेत उभ्या असत.

आमच्या महाराष्ट्र मंडळात न्यू जर्सीहून एक कुटुंब नव्यानं आलं. त्यांची मुलगी टेनिस खेळायची. तिचे बाबा हवापाण्याचं बोलावं तसं तिच्या यूटीआरचं बोलायचे. यूटीआर म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, साडेसोळापर्यंत जाणारा दशांशातला आकडा. तो पॉइंट एकने खाली आला की त्या रात्री त्यांच्या घरी आमटीत मीठ नसायचं. मला टेनिसातलं शून्य कळतं, पण सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं, आणि २००७ च्या अंतिम सामन्यात त्या ताडमाड जॉन इस्नरला हरवलं होतं, एवढं मला पाठ होतं. ते मी त्या मुलीला गणपतीत दोनदा आणि दिवाळीत एकदा ऐकवलं. आपल्या विद्यापीठात आपली पोर असं काहीतरी करील, या कल्पनेनं मी पेटलो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती अशाच पेटण्यातून निघालेल्या आहेत.

मुलाच्या हातापाया पडून इन्स्टाग्रामचं खातं उघडून घेतलं. फोटो म्हणून मंडळाच्या ढोल-ताशा मिरवणुकीतला फेटा लावला. त्या मुलीच्या पानावर अधूनमधून यायचं, ‘ब्लेस्ड टू रिसीव्ह ॲन ऑफर फ्रॉम’ आणि पुढे कुठल्यातरी विद्यापीठाचं नाव. दर वेळी वेगळं विद्यापीठ, दर वेळी तितकीच कृतार्थ. त्या प्रत्येक फोटोखाली मी लिहायला लागलो. ‘ते गाव फार थंड आहे, आमच्याकडे ये.’ ‘तिथे भाजी मिळत नाही.’ ‘आमच्याकडे आलीस तर काकू दर रविवारी पुरणपोळी करेल.’ हे शेवटचं काकूला विचारलेलं नव्हतं.

मग टेनिसच्या प्रशिक्षकांना टॅग केलं: ‘सर, ही आमच्या मंडळाची मुलगी, हिच्याकडे लक्ष असू द्या.’ उत्तर नाही. पुन्हा केलं. नाही. खासगी निरोपात जरा कडक शब्दांत विचारलं की आपल्याकडे माजी विद्यार्थ्याला साधं ‘नमस्कार’ म्हणायची पद्धत नाही का. तिकडेही मौन. तेव्हा मी माजी विद्यार्थ्यांच्या फेसबुक गटात तिचा फोटो टाकून सर्वांना आवाहन केलं की सगळ्यांनी मिळून हिला आपल्याकडे बोलवा. पुष्कळ अंगठे आले. निवडून आल्यासारखं वाटलं.

त्या प्रशिक्षकांची बाजू मला फार उशिरा कळली. टेनिसमध्ये प्रशिक्षकानं मुलीशी खासगीत बोलायचं ते दहावी संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपासून. (आपल्याकडे त्या तारखेला शाळा उघडतात, तिथे प्रशिक्षकांची तोंडं उघडतात.) पण चारचौघांत मात्र तिनं सही करेपर्यंत तिच्या खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मोबाइल हाती आल्यावर हे नियम सांभाळताना एनसीएएची फार तारांबळ उडाली. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी खेळाडूंना एसएमएस पाठवण्यावरच बंदी घातली. ईमेल चालेल, फॅक्स चालेल, एसएमएस नाही. सोळा वर्षांच्या मुलीला फॅक्स! पुढे एकेका खेळात ती बंदी सुटत गेली आणि २०१६ च्या ऑगस्टपासून आणखी एक सवलत आली: प्रशिक्षकानं मुलीच्या पोस्टला लाइक द्यावा, ती पुढे पाठवावी, पण स्वतःचा शब्द त्यात घालू नये. कंप्लायन्सची माणसं याला ‘क्लिक करा, टाइप करू नका’ म्हणतात. म्हणजे मी ज्याला शिष्ट म्हणत होतो तो बिचारा बोट आवरून बसला होता, आणि मी त्याच्या नावानं चारचौघांत बोंबलत होतो.

मध्यंतरी मला विद्यापीठाकडून एक ईमेल आली होती. विषयात ‘एज्युकेशनल रिमाइंडर’ असं काहीतरी होतं. शिक्षण पूर्ण झालेल्या माणसानं असल्या ईमेल उघडायच्या नसतात म्हणून मी ती पुसली.

मुलगी विद्यापीठ बघायला येणार ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तिच्या आईनंच दिली. त्या दिवशी मी स्टीलच्या डब्यात पुरणपोळ्या आणि कॉफीच्या रिकाम्या बरणीत तूप घेऊन टेनिस कोर्टाच्या जाळीपाशी हजर झालो. मुलगी, आई-बाबा आणि प्रशिक्षक पलीकडून येत होते. मी डबा उंच धरून हाक मारली. प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, फेटा नसतानाही ओळखलं, आणि सगळ्यांना घेऊन उलट दिशेनं झपाझप चालू लागले. मुलीच्या बाबांनी जाता जाता हात केला. तो ‘या’ होता की ‘जा’ हे त्या अंतरावरून कळलं नाही. काही मिनिटांतच गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, ‘तुम्ही माझ्याबरोबर येता का?’

ऑफिसात त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की क्रीडा विभागाला तुम्ही कधी देणगी दिली आहे का. दिली होती. कित्येक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा फोन आला होता, त्याच्या आवाजावरून तो उपाशी असावा असं वाटलं, म्हणून पंचवीस डॉलर दिले. बदल्यात गाडीला लावायचं स्टिकर आलं. त्या पंचवीस डॉलरांनी मी नियमावलीच्या भाषेत ‘बूस्टर’ झालो होतो, आणि एकदा बूस्टर झालेला माणूस मरेपर्यंत बूस्टर राहतो. गणपतीच्या वर्गणीसारखं आहे ते, एकदा पावती फाडली की तुमचं नाव त्या वहीतून निघत नाही. बूस्टरनं भावी खेळाडूला ‘आमच्याकडे ये’ म्हणून गळ घालायची नाही, भेट द्यायची नाही, खाऊ घालायचं नाही. मी तिन्ही कलमं एकट्यानं उरकली होती, आणि तिसऱ्याचा पुरावा टेबलावर ठेवलेला होता.

‘एक अपवाद आहे,’ बाई म्हणाल्या. कुटुंबाशी जुना घरोबा असेल आणि हेतू भरतीचा नसेल तर भेटीगाठी चालतात. ‘तुम्ही या कुटुंबाला कधीपासून ओळखता?’

‘तसं पाहिलं तर १९७४ पासून.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगितलं की मुलीच्या बाबांची आत्या डोंबिवलीला टिळकनगरात राहायची, आणि तिच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये माझी मावशी.

‘त्या दोघी एकमेकींना ओळखत होत्या?’

‘ओळखत असणारच. गॅलऱ्या समोरासमोर होत्या.’

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. एनसीएएच्या इतिहासात टिळकनगर प्रथमच आलं असावं. मग त्यांनी सांगितलं की मुलगी नववीत गेली की नियमांच्या दृष्टीनं ती भावी खेळाडू होते, आणि ओळख त्याच्या आधीची हवी. मी फोनमध्ये फोटो शोधू लागलो. आरतीचा एक सापडला. त्यात डाव्या कडेला मुलगी होती, म्हणजे तिचं कोपर होतं. फोटो ते कुटुंब इकडे आलं त्या सालच्या सप्टेंबरातला, आणि कोपराच्या जरा खाली टेनिसचा स्वेटबँड. माझ्याच पुराव्यानं माझीच केस बुडाली. एवढ्यात बरणीचं झाकण सैल झालं आणि तूप फाईलवर ओघळलं.

‘आणि तुपाशिवाय दिल्या असत्या तर?’ मी विचारलं. बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, तुम्ही थट्टा करताय, पण आमच्याकडे हे घडून गेलंय. कॉलेजात दाखल झालेल्या खेळाडूंना मधल्या वेळचं खाणं म्हणून बेगल द्यायला परवानगी होती, पण त्याला क्रीम चीज लावलं की ते नियमबाह्य. लावायचे पदार्थ नियमात बसले ते २०१३ मध्ये. २०१४ मध्ये कनेक्टिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की मी कधी कधी रात्री उपाशी झोपतो. त्याच्या संघानं अजिंक्यपद मिळवलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोटभर खाऊ घालायची मुभा आली.

माझी चूक तशी किरकोळ, तिसऱ्या पातळीची. विद्यापीठ ती आपणहून कळवून टाकतं. धीर द्यावा म्हणून बाईंनी आणखी किस्से सांगितले. ओक्लाहोमात केल्विन सॅम्पसन या बास्केटबॉल प्रशिक्षकानं आणि त्याच्या सहाय्यकांनी खेळाडूंना ५७७ नियमबाह्य फोन केले होते. (हेच सॅम्पसन २०२५ मध्ये ह्यूस्टनला घेऊन एनसीएएच्या अंतिम सामन्यात पोचले, तेव्हा मलाही अजून वाव आहे.) २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या एका साध्या विद्यार्थ्यानं जॉन वॉल या शाळकरी बास्केटबॉलपटूसाठी ‘आमच्याकडे ये’ अशा अर्थाचा फेसबुक गट काढला, तर त्याला विद्यापीठानंच ताकीद दिली. जॉन वॉल शेवटी केंटकीला गेला.

निघताना मी बाईंना एक पोळी घ्या म्हटलं. कंप्लायन्सवाल्यांनी पुरणपोळी खाऊ नये असं कुठे लिहिलेलं नसावं, कारण त्यांनी घेतली. दुसरीला नको म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझं सगळं प्रशिक्षण त्या मिटण्यात झालं.

घरी येऊन थरथरत्या बोटांनी इन्स्टाग्रामवरचं माझं सगळं लेखन पुसायला बसलो. मुलगा खांद्यावरून बघत होता. म्हणाला, ‘बाबा, कशाला कष्ट घेताय? तिनं तुम्हाला कधीच रिस्ट्रिक्ट करून ठेवलंय.’ म्हणजे काय, तर मी लिहिलेलं जगात फक्त मलाच दिसत होतं. प्रशिक्षकांना केलेले टॅग आणि फेसबुकवरचं आवाहन यांनीच काय तो घोटाळा केला. भाजी, थंडी आणि पुरणपोळी यांवरचं माझं उत्तम लिखाण कुणाच्याही दृष्टीस पडलं नव्हतं. बायको आतून म्हणाली, ‘अहो, हे रिस्ट्रिक्ट घरात कसं करतात ते विचारा ना त्याला.’

आता या सगळ्या सोवळ्याचं काय झालं तेही सांगतो. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावण्याची मोकळीक मिळाली, आणि बड्या देणगीदारांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या मंडळ्या काढून त्या वाटेनं लाखो डॉलर ओतले. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, तेव्हापासून एखादं विद्यापीठ स्वतःच पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटू शकतं. थोडक्यात, वकील लावून कोटी द्या, चालेल. डब्यातून पोळी देऊ नका. मला हे अन्यायाचं वाटतं आणि वाटत राहील.

मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात गेली. तिथल्या वाचकांना एक विनंती आहे. दाखल झालेल्या खेळाडूला बूस्टरनंसुद्धा कधीमधी घरी जेवायला बोलावलेलं चालतं, नियमात तशी सोय आहे. तुमच्या गावात संघातून खेळणारी एखादी मराठी मुलगी दिसली तर तिला एखाद्या रविवारी घरी बोलवा. फक्त आधी तिच्या विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसला फोन करून विचारा, आणि तिनं दुसरी पोळी नको म्हटलं तर ताट उचला.