ओळ बसवणाऱ्या वेड्यांची स्तुती

चौकटीत मजकूर मावत नसेल तर संगणकाने तो आपोआप मावून घ्यावा, त्यासाठीचे नियम पान लावण्याच्या सॉफ्टवेअरला एकदाच भरून द्यावेत आणि आपण मोकळं व्हावं, हा आजच्या छपाईतला शहाणपणा आहे. जो माणूस हे नियम ठरवण्यात आठवडे घालवतो, ते भलत्यासलत्या शब्दांवर तपासून पाहतो आणि एवढं करूनही छपाईआधी प्रत्येक पान ओळीओळीने डोळ्यांखालून घालतो, त्याला कामाच्या ठिकाणी वेडा म्हणतात. हा लेख त्या वेड्याच्या स्तुतीसाठी आहे आणि स्तुती मनापासूनची आहे.

या वेडाचा जुना पत्ता पाहायचा तर कोलकात्यात एस्प्लनेडला उतरावं. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भारतातली पहिली मेट्रो इथून भवानीपूरपर्यंत धावली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. स्टेशनातून वर आलं की धर्मतल्ल्याची गर्दी, ट्रामचे रूळ आणि चौरंगीच्या तोंडाशी स्टेट्समन हाउस. १८७५ साली ‘द स्टेट्समन’ काढणारा रॉबर्ट नाइट त्याआधी मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा संपादक होता, म्हणजे आपल्याकडचा अनुभव गाठीला बांधूनच तो इथे आला. तसंच चांदनी चौकाच्या दिशेने काही मिनिटं चाललं की प्रफुल्ल सरकार स्ट्रीट लागतो. ‘आनंदबाजार पत्रिका’ तिथली. १९२२ साली सुरू झालेल्या या दैनिकाने यंत्राच्या नियमात आपली लिपी बसवण्याचा आणि पुढे लिपीच्या नियमात यंत्र बसवण्याचा, असे दोन्ही उद्योग केले. मराठी पान लावणाऱ्याने हा इतिहास समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण तोच प्रश्न रोज त्याच्या पडद्यावर येतो.

ओळ आपोआप बसवणारं पहिलं यशस्वी यंत्र म्हणजे ओटमार मेर्गेनथालरचं लायनोटाइप. १८८६ साली ते न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये लागलं. ऑपरेटर कळ दाबतो, अक्षराचा पितळी साचा घरंगळत खाली येतो, शब्द संपला की साच्यांच्या मध्ये एक पाचर पडते. ओळ भरत आली की सगळ्या पाचरी खालून एकदम वर रेटल्या जातात. पाचर खालच्या टोकाकडे जाड होत जाते, त्यामुळे शब्दांमधल्या सगळ्या फटी सारख्याच रुंदावतात आणि ओळ कडेला टेकते. मग वितळलेलं शिसं साच्यांवर येतं आणि अख्खी ओळ एका तुकड्यात ओतली जाते. या रचनेतली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. यंत्र फक्त शब्दांमधली फट वाढवत होतं. एका शब्दातल्या दोन अक्षरांना एकमेकांपासून दूर ढकलण्याची सोय त्या पाचरींत नव्हती.

यंत्राला कळा मात्र नव्वदच. रोमन लिपीला त्या पुरून उरतात. बंगालीला, देवनागरीला कुठून पुरणार? हाताने जुळणी करणाऱ्या बंगाली जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांची घरं असत. स्वर, व्यंजनं, मात्रा, उकार लागलेली अक्षरं, दुहेरी-तिहेरी जोडाक्षरं. ‘आनंदबाजार’च्या सुरेशचंद्र मजुमदारांनी ही लिपी त्या नव्वद कळांच्या यंत्रावर चढवायची असं ठरवलं. त्यांच्या मदतीला राजशेखर बसू होते, म्हणजे ‘परशुराम’ या टोपणनावाने विनोदी कथा लिहिणारे आणि ‘चलन्तिका’ हा कोश करणारे. १९३५ साली ‘आनंदबाजार’ बंगाली लायनोटाइपवर निघू लागलं. अक्षराखाली लोंबणारे उकार बाजूला सरकले, कितीतरी जोडाक्षरं फोडून शेजारी-शेजारी ठेवावी लागली. रोज रात्री वेळेत दैनिक काढायचं तर दुसरा मार्ग नव्हता, आणि ज्यांनी ही तडजोड केली ते लिपीचे वैरी नव्हते. उलट प्रत्येक अक्षर कुठे कापायचं यावर त्यांनी आयुष्यातला मोठा काळ खर्च केला. शहाण्या माणसाने आयता रोमन टंक घेऊन इंग्रजी वृत्तपत्र काढलं असतं.

दुसरं वेड याहून मोठं. १९७८ ते १९८२ या काळात, फोटोटाइपसेटिंगच्या, म्हणजे शिशाऐवजी प्रकाशाने अक्षरं उमटवण्याच्या दिवसांत, ‘आनंदबाजार’साठी लायनोटाइप कंपनीत नवी बंगाली अक्षरमाला तयार झाली. अक्षरं टिम हॉलोवे यांनी रेखाटली, कामाची धुरा फियोना रॉस यांच्याकडे होती. आता कळांच्या संख्येत लिपी कोंबण्याची गरज उरली नव्हती. ऑपरेटरने उच्चाराच्या क्रमाने कळा दाबायच्या आणि कोणतं जोडाक्षर कोणत्या रूपात घ्यायचं ते आतल्या प्रोग्रॅमने ठरवायचं. १९३५ साली फोडलेली जोडाक्षरं त्यामुळे पुन्हा जोडता आली. हेही स्वयंचलितच होतं. पण हा नियम लिहिण्याआधी कुणीतरी जुनी हस्तलिखितं, जुने ठसे आणि बंगाली वाचकाची नजर यांचा अभ्यास केला होता. माझं सगळं म्हणणं या फरकापाशी येतं: मजकूर आपोआप बसवावा की नाही यावर भांडण्यात अर्थ नाही, तो नियम कोणत्या लिपीकडे पाहून लिहिला आहे हे विचारावं.

मराठीचं हुगळीकाठाशी नातं तर छपाईच्या पहिल्या दिवसांपासूनचं आहे. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली कोलकात्याच्या वरच्या अंगाला श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापलं गेलं, तेव्हा मोडीचे खिळे तयार नव्हते म्हणून ते देवनागरीत निघालं. १८१० साली त्याच छापखान्यातून निघालेल्या मराठी कोशात मोडी आली. फोर्ट विल्यम कॉलेजातले पंडित वैजनाथ शर्मा या कामात होते. मोडीसारखी सलग वळणाची, एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाणारी लिपी शिशाच्या सुट्या तुकड्यांत कापायची, हे धाडस ज्यांनी केलं त्यांना हिशेबी म्हणता येणार नाही.

पुढे देवनागरी खिळ्यांचे दोन घाट पडले. कोलकात्याकडे ‘अखंड’ पद्धत, म्हणजे काना-मात्रेसह अक्षर एका खिळ्यात. मुंबईत ‘डिग्री’ पद्धत, म्हणजे अक्षराचं धड वेगळं, वरची मात्रा-वेलांटी वेगळी, खालचा उकार वेगळा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखालून या मुंबई वळणाचं काम सुरू झालं. तिथेच कोवळ्या वयात शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या टायपांनी देशभर नाव कमावलं. डिग्रीच्या जुळाऱ्याला एका ओळीसाठी तीन मजले जुळवावे लागत: वरचा, मधला, खालचा. मात्रा केसभर सरकली तरी ‘के’चा ‘क’ आणि त्याच्यापुढच्या अक्षराचं भलतंच काही. त्या माणसाला ओळ तीन मजल्यांची असते हे कुणी शिकवावं लागत नव्हतं, ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

आजच्या सॉफ्टवेअरला ते ठाऊक नाही. पान लावण्याचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर १९९९ साली आलं. त्यात परिच्छेद जस्टिफाय करण्याच्या खिडकीत तीन ओळींचे आकडे भरायचे असतात: शब्दांमधलं अंतर, अक्षरांमधलं अंतर आणि अक्षराची रुंदी. शब्दांतराचे मुळातले आकडे कमीत कमी ८०, हवं ते १००, जास्तीत जास्त १३३ टक्के. अक्षरांतर शून्य. दोन ओळींमधली जागा आपोआप धरली तर टंकाच्या १२० टक्के. रोमनसाठी हे आकडे विचाराने ठरवलेले आहेत. संपूर्ण परिच्छेद एकदम तोलून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवण्याची जी पद्धत डोनल्ड क्नुथ आणि मायकल प्लास यांनी १९८१ साली मांडली, तिचा संस्कार या सगळ्यावर आहे, आणि ती पद्धत गणिताचा सुंदर नमुना आहे. माझी तक्रार गणिताविरुद्ध नाही.

आता वृत्तपत्राच्या अरुंद कॉलममध्ये ‘राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांच्या’ एवढा मजकूर टाका. पहिले दोन शब्द ओळीत बसतात, तिसरा खाली उतरतो. ओळीत फट एकच, त्यामुळे उरलेली सगळी जागा त्या एका फटीत जाते आणि ओळीच्या मधोमध भगदाड पडतं. घाईतला माणूस काय करतो? अक्षरांतराला सूट देतो. शून्याच्या जागी दहा-पंधरा टक्के. रोमन शब्दाची अक्षरं मुळातच सुटी असल्याने ती थोडी पांगली तर वाचकाला कळतही नाही. देवनागरीत पांगली की शिरोरेषा तुटते. बरेच फाँट एका अक्षराची रेषा पुढच्या अक्षरावर किंचित चढवून ठेवतात, तेवढी शिल्लक संपली की ‘रा ष्ट्री यी कृ त’ असे पाच तुकडे कागदावर उतरतात. जे जुन्या यंत्राच्या पाचरींना करता येत नव्हतं, ते आता एका आकड्याने होतं.

मजकूर जास्त झाला की चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह येतं. तेव्हा ओळींमधली जागा आवळतात. वरच्या ओळीतल्या ‘ठ्ठू’चा उकार आणि खालच्या ओळीतल्या ‘र्की’चा रफार व वेलांटी एकमेकांत घुसतात, आणि वाचणारा अडखळतो. त्यापेक्षा अक्षराची रुंदी एक-दोन टक्क्यांनी कमी-जास्त करू द्यावी, शब्दांतर थोडं सैल सोडावं, अक्षरांतर मात्र शून्यावर खिळवून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. आणि एवढ्याने भागलं नाही तर संपादकाला सांगून दोन शब्द कापून घ्यावेत. पान लावणाऱ्याने संपादकाकडे जाऊन ‘हे वाक्य दोन शब्दांनी लहान करा’ म्हणणं यात कमीपणा नाही. चांगल्या छापखान्यांत ते नेहमीच घडत आलं आहे.

वेड्याची खरी कसोटी शब्द तोडण्यात लागते. मराठीत शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘करण्या-साठी’ असं तोडलं तर वाचणारा न थांबता पुढच्या ओळीत जातो. ‘करण्यासा-ठी’ असं तोडलं की ठेच लागते. मग नियम लिहायचा: शब्दाच्या शेवटी ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पर्यंत’, ‘प्रमाणे’ असेल तर त्याच्या आधी तोडायला परवानगी. छान चालतो. उत्साहाने ‘वरून’ही त्याच यादीत टाकलं, ‘टेबला-वरून’ व्यवस्थित तुटलं. आणि चार पानांनंतर ‘स्वतःला सा-वरून’ आणि ‘पसारा आ-वरून’. नियमाला ‘वरून’ दिसलं, क्रियापद दिसलं नाही. वेडा माणूस मग अपवादांची यादी करायला बसतो: सावरून, आवरून. ही यादी त्याला कुणी मागितलेली नसते, तिचे पैसे कुणी देत नाही, आणि ती कधी पूर्ण होत नाही. तरीही पुढच्या हजार पानांवर जे वाचक अडखळत नाहीत ते त्या यादीमुळे.

काही नियम साधे असतात आणि ते लावल्याबद्दल शहाण्यांनाही शाबासकी द्यावी. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’ ओळीच्या टोकाला आणि नाव पुढच्या ओळीत, असं होऊ नये म्हणून मधली जागा न तुटणारी करणं. ‘इ. स.’ आणि सनाचा आकडा, ‘रु.’ आणि रक्कम, ‘पृ.’ आणि पृष्ठांक एकत्र ठेवणं. इथे यंत्र माणसापेक्षा विश्वासू आहे. ते कंटाळत नाही, रात्री दोन वाजता डुलकी घेत नाही. पण हे करून पान पाहायचंच नाही असं ठरवणारा मात्र मला आवडत नाही. नियमाने दहा हजार ओळी बरोबर लावल्या तरी अकरावा परिच्छेद ज्याच्या आईच्या मृत्यूबद्दल आहे, त्याला त्याच्या परिच्छेदातली फाटकी ओळच दिसणार.

देवनागरीचं हे कामकाज आपल्याकडे ज्यांनी मनावर घेतलं ते सगळे याच जातकुळीचे. सरकारी मुद्रणालयाचा कारभार सांभाळणाऱ्या बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १९७१ साली तो भाषा संचालनालयाने काढला. र. कृ. जोशींनी आयुष्यभर अक्षर गिरवलं, आणि विंडोजवर देवनागरी आली तेव्हा तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांच्या हातचा. आज घराघरातल्या संगणकावर मराठी उमटते त्यामागे अशा माणसांचे न मोजलेले तास आहेत.

तेव्हा मंडळाची स्मरणिका असो, शाळेचा वार्षिक अंक असो की दिवाळी अंक, पान लावणाऱ्याला मजकूर छपाईच्या दोन दिवस आधी तरी द्या. त्याने ‘एक वाक्य कमी करा’ म्हटलं तर करा. त्याच्या बिलात ओळी पाहण्याचा वेळ धरा, आणि अंकात संपादकांच्या नावाखाली त्याचंही नाव छापा.